इतके पैसे कसले?

"चार लेग पिसांचे इतले पयशे?"

जुलैतली संध्याकाळ होती. पाऊस नुकताच ओसरला होता आणि पणजीलगतच्या ताळगावच्या रस्त्याकडेला, निळ्या ताडपत्रीखाली, आंटीच्या शेगडीपुढे मी दुसऱ्या नंबरवर उभी होते. प्रश्न माझ्या पुढच्या गृहस्थांनी विचारला. ते पर्यटक नव्हते. आमच्याच भागातले, हातात औषधांची पिशवी, बरोबर छोटी नात. आवाजात भांडणाचा सूर नव्हता. "रस्त्यार खावपाक हॉटेलाचो दर?" एवढंच ते पुढे म्हणाले, तेही अर्धवट स्वतःशी. आंटीने उत्तर दिलं नाही. अर्धा कांदा खोचलेला काटा तिने तेलात बुडवला, जाळीच्या मोकळ्या भागावरून फिरवला आणि लेग पीस एकेक करून उलटे केले. गृहस्थांनी पाकिटातल्या नोटा बोटाने चाळल्या, क्षणभर थांबले आणि चारांऐवजी दोनच घेऊन नातीबरोबर निघून गेले.

तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

प्रश्न चुकीचा होता असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. आमच्या बाजारात कित्येक वस्तूंचे भाव चार दिवसांसाठी येणाऱ्यांच्या खिशाकडे बघून ठरतात आणि बारा महिने राहणाऱ्यांना ते मोजावे लागतात. इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, तर सोडाच, बांगड्याचा वाटासुद्धा कधी कधी हातात घेऊन परत ठेवावा लागतो. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाने दर विचारला, परवडेल तेवढंच घेतलं, यात त्याचं काय चुकलं? पण आंटीकडे बघताना मला हेही दिसत होतं, की उत्तर तिच्यापाशी आहे. ते द्यायला तिला सवड नव्हती, इतकंच. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात वारा घालायला पुठ्ठ्याचा तुकडा, डोळ्यांत धूर. निखाऱ्यांसमोर उभ्या असलेल्या बाईने हिशेब समजावून सांगावा तरी कधी? मग ते उत्तर मीच जमेल तसं गोळा करत गेले. थोडं तिला विचारून, थोडं शेगडीच्या बाजूला नुसतं उभं राहून.

आंटीची संध्याकाळ आदल्या रात्री सुरू होते. कोंबडी तिला कातडीसकट लागते. आपल्याकडे सोलून देण्याची पद्धत. कातडीसकट हवी असेल तर पिसं नीट उपटायला वेळ जातो आणि तो वेळ दुकानदार फुकट देत नाही. ती कातडीवर अडून बसते, कारण भाजताना तिच्यातली चरबी वितळून मांसावर उतरते आणि आतला ओलावा टिकतो. घरी आणल्यावर प्रत्येक तुकड्याला हाडापर्यंत चिरा. व्हिनेगर आणि मसाला मांसात फार खोल जात नाहीत, वरवरच मुरतात; मीठ तेवढं रात्रभरात आत उतरतं. म्हणून चिरा खोल हव्यात आणि म्हणून रात्रभर थांबायला हवं. मसाले तिचे दोन. एक लाल, मासळीत भरतात त्या रेशादच्या वळणाचा, सुक्या मिरच्या, लसूण, जिरं, मिरी. दुसरा हिरवा, काफ्रियाल नावाच्या गोव्याच्या कोंबडीच्या पदार्थाचा, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, दालचिनी, लवंग. दोन्हींत व्हिनेगर माडाच्या सुरेचं, ओळखीच्या घरातून आणलेलं. सूर काढणारे रेंदेर कमी होत चालले, माडावर चढणारी नवी मुलं मिळत नाहीत, त्यामुळे हे व्हिनेगर बाजारातल्या पांढऱ्या बाटलीपेक्षा बरंच महाग पडतं. बाटलीतलं वापरलं तर किती जणांना कळेल, असं मी तिला एकदा विचारलं. "म्हाका कळटलें," ती म्हणाली.

मग कोळसा. भट्टीत साधारण पाच किलो लाकूड जळतं तेव्हा कुठे किलोभर कोळसा हाती येतो. पावसाळ्यात तोच कोळसा हवेतला दमटपणा पितो. ओला कोळसा पेटायला त्रास देतो, तडतडतो, ठिणग्या उडवतो. आंटी तो घरातल्या चुलीजवळ पसरून ठेवते आणि शेगडीत टाकण्याआधी एखादा खडा बोटांवर वाजवून बघते. आवाज खणखणीत आला तरच पुढे. पेटवायला नारळाची सोडणं, वर थोड्या करवंट्या, मग कोळसा. पेट घेतल्यावर अर्धा तास ती काहीच भाजत नाही. हा अर्धा तास लोकांना सर्वांत जास्त खटकतो. जाळ दिसतोय, मांस तयार आहे, मग बाई थांबलीय कशाला? ज्वाळा बसायला हव्यात, निखाऱ्यांवर राखेची करडी साय धरायला हवी. तोवर टाकलेलं मांस वरून काळं आणि हाडाशी कच्चं राहतं. राख धरली की ती पळीने निखारे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरते. लेग पीस आधी विरळ बाजूला, हळूहळू आतून शिजायला. शेवटी जाड बाजूला, कातडी कुरकुरीत व्हायला. चरबीचा थेंब पडून भडका उडाला की तुकडा चटकन बाजूला. कोंबडी हाडाजवळ 74 अंश सेल्सिअसला पोचली की निर्धास्त खावी असं पाकशास्त्राच्या वर्गात शिकवतात. आंटीकडे थर्मामीटर नाही. ती जाड भागात सळई खुपसते, बाहेर येणारा रस बघते, मग सळईचं टोक मनगटाला लावते.

भाजताना मांसाचं वजन उतरतं, हेही आपण विसरतो. किलोभर कच्ची कोंबडी जाळीवरून उतरते तेव्हा पाऊण किलोच्या आसपास राहते. जो भाव आपण कच्च्या कोंबडीचा म्हणून मनात धरलेला असतो, तो इथे उपयोगाचाच नसतो.

निखाऱ्यांवरचं खाणं मला पणजीत येऊन कळलं असं मात्र नाही. मी डिचोलीची. आमच्या घरी मासळी स्वयंपाकघरात शिजायची, कोंबडी कधीच नाही. कोंबडी शिजायची परसात, तीन चिऱ्यांच्या चुलीवर, वेगळ्या टोपात, आणि तो टोप घासून परसातल्याच खोपीत उपडा पडायचा. आजी स्वतः चाखायची नाही, पण मसाला तीच वाटून द्यायची आणि चुलीपासून चार हातांवर उभी राहून मीठ किती, पाणी किती ते सांगायची. तिच्या सांगण्यावरून शिजलेल्या त्या रश्श्याला जी चव होती, ती पुढे कुठे सापडली नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद व्हायची. यांत्रिक होड्यांची बंदी आता 1 जून ते 31 जुलै अशी ठरलेली आहे, पण बंदी नसती तरी आमच्याकडे त्या दिवसांत ताजी मासळी यायची कुठून? मग मे महिन्यात म्हापशाच्या बाजारातून पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सुके बांगडे आणलेले असायचे. एखादा बांगडा चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकला की सगळं घर त्या वासाने भरून जायचं. आजी तो चिमट्याने उलटायची, फुंकर घालून राख उडवायची, गरम असतानाच काटे काढून चुरायची, आणि त्यात कांदा, ओलं खोबरं, चिंचेचा कोळ. बाहेर कौलांवर पाऊस, पानात उकडा भात आणि हे किसमूर. उन्हाळ्यात काजूच्या बिया भाजायचो त्या परसाच्या टोकाला, कारण टरफलातलं तेल उडालं तर कातडी जळते. फणसाच्या बिया आणि कणंगां, म्हणजे रताळी, मात्र राखेत पुरून ठेवायचो आणि सालीसकट बोटं भाजून घ्यायचो. आगीवर थेट भाजलेल्या पदार्थाला एक कडवट कड येते. ती कड लहानपणी जिभेला लागली की माणूस जन्मभर तिच्या मागावर राहतो.

आंटीच्या हिरव्या काफ्रियालला ती कड आहे. हा पदार्थ पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतीतून, मोझांबिकमधून, गोव्यात आला असं मानतात. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून अमेरिकेहून आली आणि आता खोल्याच्या नि हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, इतकी ती इथली झाली. काफ्रियालही तसाच इथला झाला, पण रेस्टॉरंटांच्या स्वयंपाकघरात शिरताना त्याची आग सुटली. बहुतेक ठिकाणी तो तव्यावर परततात, हिरवा मसाला भोवती दाट रश्श्यासारखा ठेवतात, बाजूला बटाट्याच्या चकत्या. चांगला लागतो, मी आवडीने खाते. तरी ज्याने तो निखाऱ्यांवर खाल्ला आहे, कोथिंबिरीचा हिरवा रंग जिथे काळपट झाला आहे तो तुकडा ज्याने चावला आहे, त्याला तव्यावरचा काफ्रियाल अपुरा वाटतो. आमच्या शहरात हे अजून शेगडीवर करणारी जी थोडी माणसं उरली आहेत, त्यांना जपायला हवं असं मला मनापासून वाटतं ते यासाठी. काही छोटी रेस्टॉरंटं आहेत, ज्यांच्या मागच्या अंगणात संध्याकाळी जाळी पेटते. काही गाडे आहेत. काही घरं आहेत, जी फक्त फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवसांत फाटकाबाहेर शेगडी मांडतात. पाटीवर सगळीकडे 'बार्बेक्यू' असतं. प्रत्येकाच्या मसाल्याची चव मात्र वेगळी.

या धंद्याला वर्षाचे बारा महिने सारखे नसतात. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचं, मग नाताळ, नवं वर्ष, कार्निव्हल. त्या दिवसांत शेगडीपुढे उभं राहायला जागा नसते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या, दिवसांत ख्रिस्ती गिऱ्हाईक कमी होतं. जूनमध्ये पाऊस लागतो, पर्यटक पांगतात, ताडपत्रीखाली धूर कोंडतो. आणि श्रावणापासून चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, सरेपर्यंत आम्ही हिंदू गिऱ्हाइकं गायब होतो. सोमवार तर वर्षभर जवळजवळ कोरडेच. डिसेंबरात आंटीला माझी गरज नसते. तेव्हा मी गेले काय नि न गेले काय. ती टिकते की नाही हे ठरतं जून ते सप्टेंबरच्या संध्याकाळी, जेव्हा ती दोन तास शेगडी पेटवून बसते आणि निम्मं मांस परत घरी नेते. मुरवलेलं मांस दुसऱ्या दिवशी चालतं, तिसऱ्या दिवशी ती ते विकत नाही. पेटलेला कोळसा तर परत पिशवीत भरता येत नाही.

मला विचाराल तर आवडीच्या जागेला साथ द्यायची ती अशा संध्याकाळी. छत्री घेऊन जायचं, थांबायचं, तिथेच खायचं.

तिथेच खायचं हे महत्त्वाचं. घरपोच मागवण्याची सोय आता जवळपास प्रत्येकाकडे आहे आणि म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी ती चांगलीच आहे. पण भाजलेली कातडी डब्यात बंद केली की तिचीच वाफ तिला मऊ करते. मुलगा स्कूटरवरून डबा आणेपर्यंत कुरकुरीतपणा संपलेला असतो, आणि किमतीतला एक वाटा मधल्यांना गेलेला असतो. आंटीने मध्यंतरी ते करून बघितलं आणि सोडून दिलं. पैशांपेक्षा तिला लागलं ते हे, की एका अनोळखी गिऱ्हाइकाने "चिकन लिबलिबीत" असं लिहिलं. "हांवें तशें दिवंक नाशिल्लें, बाय," मी तसं दिलं नव्हतं, असं ती मला दोनदा सांगत होती. जाळीवरून उतरलेला तुकडा पोईत, म्हणजे आमच्या कोंड्याच्या पोकळ पावात, घालून उभ्या उभ्या खायचा, चटका लागला तर लागू दे. पोईचा कोंडा बोटांना लागतो, आतल्या पोकळीत मसाल्याचं तेल झिरपतं, वर लिंबू आणि कच्चा कांदा. शेजारी कोणी कॉलेजचा मुलगा, कोणी कामावरून परतणारी नर्स, कोणी टॅक्सीवाला. पणजीत माणसं आता एकमेकांशेजारी अशी उभी राहतात तरी कुठे?

पुण्याहून पाहुणे आले की त्यांची मुलं त्या ठरावीक दरात हवं तेवढं खायच्या जागी जाऊ म्हणतात. टेबलाच्या मधोमध शेगडी, सळ्यांवर आधीच शिजवून आणलेले तुकडे, मनाला येईल तेवढं आइस्क्रीम. मुलांना मजा येते, त्यात वावगं काही नाही. पण तिथे कितीही खाल्लं तरी कोणाच्या हातचं खाल्लं ते कळत नाही. आंटीच्या हातचं दोन मिनिटं जास्त भाजलेलं मी ओळखते. त्या दिवशी तिचं लक्ष थाऱ्यावर नसतं आणि मग मी विचारते, घरी सगळं बरं ना. एकदा धाकट्याची नोकरी गेलेली असते, एकदा गुडघे सुजलेले.

धुराचंही बोलायला हवं. शेगडीच्या वर राहणाऱ्यांच्या खिडक्यांत तो जातो, वाळत घातलेल्या कपड्यांना वास धरतो, आणि त्यांनी कुरकुर केली तर ती खोटी नाही. सर्वांत जास्त धूर खुद्द आंटी खाते, रोज. तिचा खोकला मला आवडत नाही. तिने टेबलफॅनची जाळी काढून तो अशा कोनात ठेवला आहे की धूर रस्त्याच्या बाजूला जावा. वाऱ्याने दिशा बदलली की पंखाही हरतो. गाडेवाल्यांच्या हक्कांचा कायदा 2014 साली झाला, त्यात जागा नेमून देण्याची तरतूद आहे. डोक्यावर छप्पर, धुराला वाट, हात धुवायला नळ, एवढं असलेली नेमून दिलेली जागा अशा माणसांना मिळाली तर शेजाऱ्यांचंही भलं आणि तिच्या छातीचंही. मी हे जिथे बोलायचं तिथे बोलते. वॉर्डातल्या बैठकीत बोलले, पुन्हा बोलेन.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाविषयी मी शेवटी आंटीला विचारलं. शेगडी विझवून ती राख गोळा करत होती. तुम्ही काहीच का बोलला नाही? ती म्हणाली, काय बोलणार, त्यांचंही खरं आहे. कोंबडी घाटावरून येते, मध्ये ज्याला त्याला आपला वाटा लागतो, दर तिने ठरवलेला नाही आणि त्यांनीही नाही. मग जरा थांबून म्हणाली, "विंग्स आसात न्हय. ताणीं विचारलेंच ना." विंग्स खरंच होत्या, शेगडीच्या टोकाला, लेग पिसांपेक्षा पुष्कळ स्वस्त. दोन विंग्स आणि पाव यात एका माणसाचं पोट भरतं. पण विचारायला ते लाजले आणि सुचवायला ही. कमी पैशांतलं दाखवलं तर समोरच्याला कमीपणा वाटेल, ही तिची भीती. आमच्या गावांत ही अशी अदब असते आणि कधी कधी तिच्यामुळेच माणूस अर्धपोटी घरी जातो. मी तिला म्हटलं, पाटीवर लिही. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून तिच्या पुठ्ठ्याच्या पाटीवर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, 'विंग्स नि पाव' आणि त्याचा दर मी लिहून दिला. खाली लेग पीस, मग बांगडा, मग चोरीस पाव, म्हणजे गोव्याचं सॉसेज घातलेला पाव.

आता श्रावण लागेल. आमच्या घरी पाळतात, मीही पाळते. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, की आता चवथ झाल्यावर भेटू. ती म्हणाली, कणसं खाल ना? कोळसा तर पेटतोच. तिने नवी जाळी आणली होती, तिच्यावर मांस कधी ठेवलेलं नाही, चिमटाही वेगळा, शेगडीचा एक कोपराही वेगळा. मक्याची कणसं, कणंगां, अननसाच्या चकत्यांवर मीठ नि खोल्याच्या मिरचीची पूड. डिचोलीहून आलेल्या माझ्या आईने मात्र हात जोडले आणि नको म्हणाली. आंटीला त्याचं वाईट वाटलं नाही, तिने आईला बसायला स्टूल दिलं आणि दोघी माडाच्या व्हिनेगराविषयी बोलत राहिल्या. आमच्या इमारतीतली इतर मंडळी येऊ लागली, मग समोरच्याही. यंदा ती जाळी पुन्हा काढणार आहे. कणसं ती मोजकीच आणते आणि आठच्या आत संपतात, त्यामुळे यायचं असेल तर साडेसहाला या, आणि येताना सुटे पैसे आणा.